बीएड इथेच उरकू की तिकडे गेल्यावर करू?

दरवर्षी बीएड सीईटीचे फॉर्म सुटले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारी बहुतेक वेळा मुलगीच असते. लग्न ठरलंय, मुलगा बेंगळुरूला. किंवा नवऱ्याची हैदराबादला बदली होणार हे नक्की, पण कधी ते देव जाणे. किंवा वर्षा-दोन वर्षांत दुबई. ग्रॅज्युएशन झालंय, शिक्षिका व्हायचंय, मग बीएड महाराष्ट्रातच करून जाऊ की जिथे राहायचं तिथलंच करू म्हणजे नंतर कटकट नको? घरच्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी डिग्री पदरात पाडून घे, बाकीचं नंतर बघू." हे उत्तर चुकीचं नाही पण अर्धंच आहे, कारण डिग्री हा तीनपैकी एकच भाग आहे आणि खरं अडतं ते उरलेल्या दोन ठिकाणी.

तीन भाग कुठले, तर पहिला कोर्स, म्हणजे बीएड किंवा डीएलएड (ज्याला आपण अजून डीएडच म्हणतो). दुसरा पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. आणि तिसरा प्रत्यक्ष भरती. आपण या तिन्हींना मिळून "शिक्षकाचं शिक्षण" म्हणून मोकळे होतो, पण गाव बदललं की तिघांचे नियम वेगवेगळे वागतात. कोर्स देशभर चालतो, राज्याची टीईटी त्या राज्यापुरती, आणि भरती तर स्थानिक भाषेवर, रहिवासावर, जातीच्या यादीवर, कशाकशावर अडते. त्यामुळे "बीएड कुठे करू" याआधी "मला तिकडे कुठल्या प्रकारच्या शाळेत शिकवायचंय" हे ठरवायला लागतं. ते ठरलं की बीएडचं उत्तर आपोआप निघतं.

कोर्सचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स एनसीटीई या केंद्रीय संस्थेच्या मान्यतेने चालतात, १९९३ च्या कायद्याने ती आली. मान्यता असलेल्या कॉलेजातून केलेलं बीएड मग ते कोल्हापूरचं असो की कोलकात्याचं, पात्रता म्हणून देशात सगळीकडे सारखंच. दुसऱ्या राज्यात गेल्यावर "तुमचं बीएड महाराष्ट्राचं आहे, इथे चालत नाही" असं कुणी म्हणालं तर ते बहुतेक वेळा त्या माणसाचं अज्ञान असतं. पण मान्यता हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे हं. त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मान्यता काढून घेतल्यानंतर त्या कॉलेजातून घेतलेली पदवी सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरीसाठी धरली जात नाही. म्हणजे दोन वर्षं गेली, फी गेली आणि हातात कागद. म्हणून ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात बसून एनसीटीईच्या मान्यतेचं पत्र मागायचं, त्यात कोर्सचं नाव आणि जागांची संख्या काय लिहिलीय ते बघायचं, आणि एनसीटीईच्या वेबसाइटवरच्या यादीशी ताडून बघायचं. पत्र दाखवायला टाळाटाळ केली तर उठून यायचं, सरळ.

आता कुठला कोर्स. २०१८ साली एनसीटीईने बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र धरलं होतं, त्या भरवशावर खूप जणींनी डीएलएड सोडून बीएड केलं. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं. पहिली ते पाचवीला डीएलएडच लागतं, बीएड ही त्याच्यापेक्षा "मोठी" पदवी असली तरी लहान मुलांना शिकवायचं ते प्रशिक्षण नाही असा एकूण मुद्दा. त्यामुळे "तिकडे गेले की छोट्या वर्गाला शिकवीन, आरामात" असा विचार असेल तर सरकारी शाळेपुरतं बीएडने काम होणार नाही. खासगी शाळांत पाचवीपर्यंतच्या वर्गांवर बीएडवाल्या मॅडम दिसतात, नाही असं नाही, पण ते त्या शाळेच्या मर्जीवर. सहावीपासून दहावीपर्यंत पदवी अधिक बीएड, अकरावी-बारावीला पदव्युत्तर अधिक बीएड, हे साधारण सगळीकडे.

खरा गोंधळ टीईटीत आहे. शिक्षण हक्क कायदा आल्यावर २३ ऑगस्ट २०१० ला एनसीटीईने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी बंधनकारक केली, आणि ती घ्यायचं काम राज्यांवर सोपवलं. आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, कर्नाटकात त्यांची वेगळी, तेलंगणात वेगळी, गुजरातमध्ये तर टीईटी वेगळी आणि माध्यमिकसाठी टॅट म्हणून आणखी वेगळी. बीएड म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, देशात कुठेही दाखवा, पण राज्याची टीईटी म्हणजे रिक्षाचं परमिट, हद्द ओलांडली की उपयोग नाही. महाराष्ट्राची टीईटी पास होऊन बेंगळुरूला गेलात तर कर्नाटकच्या सरकारी शाळेसाठी ती कामाची नाही, तिथली परत द्यायची.

यावर उपाय म्हणजे सीटीईटी, केंद्राची टीईटी. सीबीएसई घेते, २०११ पासून. केंद्रीय विद्यालय, नवोदय, दिल्ली-चंदीगडसारख्या केंद्रशासित भागांतल्या शाळा, इथे तीच लागते, आणि बऱ्याच खासगी सीबीएसई शाळा जाहिरातीत तीच मागतात. महाराष्ट्रात पवित्र पोर्टलच्या (राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीच्या) भरतीतही राज्याच्या टीईटीऐवजी ती धरतात. गाव बदलायची शक्यता असेल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी सीटीईटी द्या, राज्याची टीईटी नंतर. दीडशे प्रश्न, दीडशे मार्क, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० मार्क. दोन भाषा निवडायच्या असतात आणि त्या यादीत मराठी आहे, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, त्या बिचाऱ्या हिंदी व्याकरण घोकत बसतात. बीएड चालू असतानाही देता येते. आणि पूर्वी सर्टिफिकेट सात वर्षांनी बाद व्हायचं, २०२१ मध्ये ते आयुष्यभरासाठी वैध केलं, मागच्या २०११ पासूनच्या सर्टिफिकेटांनाही ते लागू. म्हणजे आज पास झालात, मध्ये पोरंबाळं, बदल्या, काय काय झालं, तरी दहा वर्षांनी ते सर्टिफिकेट तसंच उभं. मुदतीची भीती होती तेव्हा लवकर परीक्षा देण्यात धोका होता, आता नाही.

एक मधेच सांगते. घरात मावशी-आत्या शिक्षिका असतील तर त्या म्हणतील, आम्हाला कुठे होती टीईटी, खासगी संस्थेत चालतं. १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, तो महाराष्ट्रातल्याच एका संस्थेच्या प्रकरणात आलाय. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. तेव्हा "चालतं"वर भरवसा ठेवायचे दिवस गेले.

आता भरती. इथे मन थोडं घट्ट करा. लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या राज्य सरकारच्या शाळेत लागणं हे खूप अवघड आहे आणि ते बीएड तिथून केल्याने फारसं सोपं होत नाही. पहिली अडचण भाषेची, शाळा कन्नड माध्यमाची, मुलं कन्नड बोलणारी, तुम्ही काय शिकवणार. दुसरी रहिवासाची. तिसरी आरक्षणाची, आणि ही फार उशिरा कळते. एससी-एसटीच्या याद्या राज्यवार असतात, आणि एका राज्यातून दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसाला नव्या राज्यात त्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगितलंय. आपल्याकडच्या दाखल्यावर तिथल्या टीईटीत मार्कांची सवलत किंवा भरतीत राखीव जागा मिळेल असं धरून चालू नका, खुल्या गटातलीच तयारी ठेवा. केंद्रीय भरतीत मात्र आपला दाखला चालतो, केंद्रीय विद्यालयाचा विचार करायला हे आणखी एक कारण.

गोव्याचं उदाहरण तर अगदी आपल्या बांधाला लागून. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्या शाळा भरपूर, सावंतवाडी-दोडामार्गच्या पोरींना वाटतं चला, रोज एसटीने जाऊन येऊन नोकरी. पण गोवा सरकारच्या नोकरीला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो आणि कोकणी यायला लागते, मराठी आली तर उत्तम पण ती कोकणीच्या जागी चालत नाही. मराठी माध्यम, मराठी मुलगी, हाकेच्या अंतरावरची शाळा, तरी दार बंद. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे लग्न होऊन जाणाऱ्यांचीही साधारण हीच गत, तिथे मराठी शाळा आहेत पण त्या कर्नाटक सरकारच्या आहेत, भरती कर्नाटकच्या नियमाने. अशा ठिकाणी सरकारी नोकरीच हवी असेल आणि आयुष्य तिकडेच काढायचं असेल तर कोर्स तिथे जाऊन करण्यात अर्थ आहे, म्हणजे दोन वर्षांत भाषा कानावर पडते, सरावाच्या शाळा तिथल्या मिळतात, तिथल्या टीईटीचे क्लास, ओळखी, सगळं होतं. त्यातही गृहीत धरा की पाच-सहा वर्षांचा खेळ आहे.

बाकी नव्वद टक्के मुली शेवटी जातात कुठे तर खासगी सीबीएसई, आयसीएसई शाळेत. (हा नव्वदचा आकडा माझ्या ओळखीपाळखीतला, सर्वेक्षण वगैरे नाही.) आणि त्यांच्यासाठी माझं उत्तर आहे, बीएड महाराष्ट्रातच करा. इथे तुम्ही राज्याच्या कोट्यात बसता, परराज्यात गेलात की बाहेरच्यांच्या मोजक्या जागांत भांडायचं. राज्याच्या शिष्यवृत्त्या, फी सवलती रहिवाशांना, त्या इथेच मिळतात. आणि माहेरचा आधार असतो, तो कमी समजू नका, बीएडची दोन वर्षं म्हणजे नुसतं कॉलेज नव्हे. पण इथे करताना दोन गोष्टी बाहेरच्या दृष्टीने ठरवायच्या, माध्यम आणि मेथड.

मेथडबद्दल जरा सविस्तर बोलते कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. बीएडला अध्यापन पद्धती निवडायच्या असतात, आणि त्या ग्रॅज्युएशनच्या विषयावर अवलंबून असतात. बीए मराठी झालेली मुलगी साहजिकच मराठी आणि इतिहास घेते. महाराष्ट्रात ठीक आहे, इथे मराठी सगळ्या शाळांत शिकवायचीच आहे. हैदराबादला? तिथल्या सीबीएसई शाळेच्या जाहिरातीत इंग्रजी, हिंदी, तेलुगू, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र असतं. मराठी मेथडचा तिथे काही उपयोग नाही, इतिहासाच्या जोरावर सामाजिक शास्त्राला अर्ज करायचा, आणि त्या विषयाला अर्जदार भरमसाट. ग्रॅज्युएशनला इंग्रजी किंवा हिंदी एखाद्या वर्षी तरी विषय होता का, विद्यापीठाच्या नियमात त्यावर ती मेथड मिळते का, हे फॉर्म भरायच्या आधी विचारा. गणित-विज्ञानवाल्यांना जगभर मरण नाही, त्यांनी फक्त माध्यम सांभाळावं. केंद्रीय विद्यालयाच्या टीजीटीला (सहावी ते दहावीच्या शिक्षकाची जागा) तर पदवीला कुठले विषय किती वर्षं होते इथपर्यंत बघतात, शिवाय ५० टक्के मार्क, त्यामुळे नुसती मेथड जुळवून भागत नाही.

आणि माध्यम. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, एकूण वीस आठवड्यांची. या वीस आठवड्यांत तुम्ही कुठल्या भाषेत पाठ घेतलेत त्यावर पुढची मुलाखत ठरते, असं म्हटलं तरी चालेल. मराठी माध्यमात बीएड केलेल्या एका हुशार मुलीचा डेमो मी बघितलाय, सातवीचा वर्ग, विषय प्रकाशसंश्लेषण. विषय तिला पाठ होता, फळ्यावरची आकृती सुरेख, पण मागच्या बाकावरचा मुलगा काहीतरी आचरट बोलला आणि तिथे तिला इंग्रजीत पटकन सुचेना. शिकवायचं इंग्रजी घरी बसून पाठ करता येतं हो, वर्ग आवरायचं इंग्रजी येत नाही. "मागचे दोघं उठा, वही दाखवा, हसायला काय झालं", हे तोंडात बसायला प्रत्यक्ष वर्गच लागतो. तेव्हा कॉलेज मराठी माध्यमाचं असलं तरी सराव पाठांसाठी जमेल तितके इंग्रजी माध्यमाच्या शाळेतले पाठ मागून घ्या. पाठ टाचणं इंग्रजीत काढा. मार्गदर्शक मॅडम लाल पेनाने शेरे मारतील ते निमूट सोसा, आणि ती टाचण वही रद्दीत घालू नका, मुलाखतीला काही शाळा बघायला मागतात.

अर्ध्यावर बदली झाली तर? इथे बीएडचे नियम कडक आहेत. थिअरी-प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी, आंतरवासितेला ९० टक्के, आणि प्रवेशापासून तीन वर्षांत कोर्स संपवायचा. इंजिनीअरिंगसारखं या विद्यापीठातून त्या विद्यापीठात ट्रान्स्फर होईल या आशेवर राहू नका. लग्नाची तारीख किंवा बदली पहिल्या वर्षातच येणार असं दिसत असेल तर नवऱ्याने पुढे जायचं आणि तुम्ही कोर्स संपवून जायचं, किंवा मग तिथे गेल्यावरच ॲडमिशन घ्यायची. मधला मार्ग म्हणून "नॉन-अटेंडिंग" नावाचा प्रकार कुणीतरी सुचवेलच, परीक्षेपुरतं या, बाकी आम्ही बघतो, पैसे थोडे जास्त. त्यात पडू नका. एक तर खोट्या हजेरीवरची पदवी, उद्या पडताळणीत कधी वर येईल सांगता येत नाही, आणि दुसरं म्हणजे वर्गात उभं न राहता शिक्षक झालेलं माणूस दहा मिनिटांच्या डेमोत उघडं पडतं. दूरस्थ बीएड इग्नू आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं आहे, पण ते आधीच प्रशिक्षण झालेल्या किंवा नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी, ग्रॅज्युएट होऊन थेट घरबसल्या करायला नाही.

बारावी होऊन आत्ताच ठरवणाऱ्यांसाठी चार वर्षांचा एकात्मिक कोर्स आलाय, आयटीईपी, पदवी आणि बीएड एकत्र, देशपातळीवरच्या एनसीईटी परीक्षेतून प्रवेश. नव्या शैक्षणिक धोरणाचा रोख २०३० पर्यंत तोच मुख्य रस्ता करायचा आहे. तुमच्याकडे वेळ असेल तर बघा.

परदेशाचं गणित वेगळं, तिथे "इथलं बीएड चालतं का" याचं उत्तर प्रत्येक देशाचं निराळं. आखाती देशांतल्या भारतीय सीबीएसई शाळांत आपलं बीएड चालतं, किंबहुना तेच मागतात, त्यामुळे दुबई-मस्कतला जाणाऱ्यांनी ते इथून करूनच जावं, तिथे गेल्यावर करणं महाग आणि अडचणीचं. इंग्लंडमध्ये क्यूटीएस म्हणून शिक्षकाचा दर्जा लागतो, २०२३ पासून भारतात पात्र झालेल्या शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करायची सोय झाली, पण ती सरसकट नव्हे, भर गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांवर, अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी, आणि शिकवण्याचा अनुभवही हवा. म्हणजे बीएड झाल्या झाल्या विमानात बसण्यापेक्षा इथे वर्ष-दोन वर्षं शिकवून जाणं शहाणपणाचं. "घरबसल्या इंटरनॅशनल पीजीसीई" (पीजीसीई म्हणजे तिकडचा शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स) अशा जाहिराती दिसतात, त्यात क्यूटीएस मिळतंच असं नाही, पैसे भरायच्या आधी तेवढं एक विचारा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं. न्यू जर्सीचं घेतलं आणि टेक्सासला गेलात तर तिथे परत अर्ज, कदाचित परत परीक्षा. शिवाय आपली तीन वर्षांची बीए-बीएस्सी तिथल्या काही मूल्यमापन संस्था चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत, बीएडची दोन वर्षं जोडून कधी भागतं, कधी जास्तीचे कोर्स करायला सांगतात. तिकडे कायमचं जायचं असेल आणि राज्य ठरलेलं असेल तर त्या राज्याचे नियम वाचून मगच इथल्या बीएडचं ठरवा, आणि राज्यच ठरलं नसेल तर तिथलंही लायसन्स घाईने घेऊ नका.

कुठेही जा, निघायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसातून काही कागद काढून घ्या, नंतर तिथून फोनवर क्लार्कशी बोलून ते मिळत नाहीत, माझा अनुभव विचारूच नका. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांचा आणि मार्कांचा अधिकृत उतारा), सीलबंद पाकिटांत दोन-तीन प्रती. कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र, ज्यात तुमच्या मेथड, माध्यम, आंतरवासिता किती आठवडे, कुठल्या इयत्तांना पाठ घेतले हे लिहिलेलं असेल, कारण बाहेरची माणसं मार्कशीटवरून हे काही समजत नाहीत. अनुभवाचे दाखले, तारखांसकट. परदेशासाठी अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का), आणि आखातातल्या ज्या देशांत तो चालत नाही त्यांच्यासाठी दूतावासाचं अटेस्टेशन, त्याआधी राज्याचं आणि परराष्ट्र खात्याचं करून.

आणि नावाचं बघा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं आणि आडनावही, मग दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव, बीएडच्या दुसऱ्या वर्षाच्या मार्कशीटवर नवऱ्याचं, सीटीईटीवर तिसरंच स्पेलिंग. महाराष्ट्रातल्या क्लार्कला हे बघून सवय असते, तो हसून मॅरेज सर्टिफिकेट मागतो. तमिळनाडूतल्या किंवा मस्कतच्या माणसाला ही तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं वाटतात. कोर्स संपेपर्यंत आणि सीटीईटीचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत माहेरचं नाव तसंच ठेवा, सगळ्या फॉर्मवर दहावीच्या सर्टिफिकेटवरचंच स्पेलिंग, एक अक्षर इकडेतिकडे नाही. बदलायचंच असेल तर नंतर एकदाच राजपत्रात देऊन बदला आणि त्या राजपत्राची प्रत मॅरेज सर्टिफिकेटला जोडून फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.